नानांच्या घरची आठवी बाई

नानांच्या घरून सहावी बाई रडत परत आली, तेव्हा आमचे संचालक मला म्हणाले, आता तरी डोकं लावून बाई निवडा, नाहीतर हे घर हातचं जाईल. जणू आधीच्या सहा जणी मी डोळे मिटून पाठवल्या होत्या.

आमची संस्था जळगावात अपंग माणसांच्या घरी मदतनीस पाठवायची. पिंप्राळ्यात एका मेडिकल दुकानाच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मी समन्वयक. कोणत्या घरी कोणती बाई द्यायची, हे मी ठरवायची. फॉर्मवर सगळं लिहिलेलं असायचं. माणसाचं वजन किती, बोलता येतं का, लघवीची पिशवी लावलेली आहे का, पाठीला जखम आहे का, घरात भाषा कोणती. जे फॉर्मवर लिहिता येत नाही ते लोक फोनवर सांगायचे. बाई शक्यतो आपल्यातली असली तर बरं, असं म्हणायचे. मी 'बघते' म्हणायची, आणि बघायचीसुद्धा. ते काम मी अकरा वर्षं केलं, आणि मी त्यात चांगली होते असं अजूनही लोक म्हणतात.

नाना रावेरकडचे केळीवाले. मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळली आणि मान मोडली. खांद्याखालचं सगळं गेलं. उजवा हात तेवढा कोपरातून वळून तोंडापर्यंत यायचा, त्याचीही बोटं मुडपलेली. बायको आधीच वारली होती. मुलानं शेत वाट्यानं दिलं आणि दवाखाना जवळ पडावा म्हणून पिंप्राळ्यात घर घेतलं. तो दिवसभर दुकानात असायचा. घर सून बघायची. ती चाळीसगावची, शिकलेली, बोलायला मऊ.

नाना चावायचे. घास भरवताना बाईचं बोट दातांत धरायचे आणि ती ओरडली की सोडायचे. भरवलेलं वरण तिच्याच पदरावर थुंकायचे. पण याहून वाईट त्यांचं बोलणं होतं. प्रत्येक बाईचं दुखरं ठिकाण त्यांना दोन दिवसांत सापडायचं. एकीला मूल नव्हतं, तिला ते रोज सकाळी विचारायचे की रात्री स्वप्नात तरी झालं का. एकीच्या नवऱ्यानं दुसरी केली होती. तिला म्हणाले, तुझ्या हाताचा वास घेतल्यावर मला तुझ्या नवऱ्याचं पटतं. ती तिसरी. ती त्या दिवसापासून कुठल्याच घरी गेली नाही, शिवणकामाला लागली.

सातवी म्हणून मी माझ्याकडची सगळ्यात चांगली बाई दिली. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. वय सत्तावीस-अठ्ठावीस. मुलगी सासूकडे ठेवून ती आमच्याकडे शिकायला आली होती. मराठी तोडकंमोडकं, पण हात असे की बघत राहावं. माणसाला कुशीवर वळवलं की ती त्याच्या अंगाखालून तळवा फिरवून चादरीच्या चुण्या काढायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी दर वर्गात नव्या बायकांना तिचं उदाहरण द्यायची.

ती नानांकडे चार महिने टिकली. तिच्या आधी कोणी पंचवीस दिवसांवर गेलं नव्हतं. नाना तिला 'ए रान' म्हणून हाक मारायचे. तिचा पाण्याचा पेला वेगळा ठेवायला लावला. दर दहा मिनिटांनी 'वळव' म्हणायचे, आणि वळवलं की 'परत वळव'. ती वळवायची. त्यांच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, दोन वर्षं भरत नव्हती. तिच्या हाताखाली ती भरली. मी भेटीला गेले तेव्हा तिनं मला ती जागा दाखवली, नवी गुलाबी कातडी. तिचा चेहरा त्या वेळी अगदी उजळला होता. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते काहीच बोलले नाहीत, आणि मला वाटलं की सुधारले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिला कपाटातली बायकोची अंगठी काढून हातावर ठेवायला सांगितली. म्हणाले, नुसती बघायची आहे. तिनं ठेवली आणि ती चहा आणायला गेली. परत आली तर नाना ओरडत होते की अंगठी गेली.

तिनं मला फोन केला. मी त्या दिवशी धुळ्याला होते, तिथल्या नव्या बायकांचा वर्ग घेत होते. तिनं सांगितलं ते मला नीट कळलं नाही, म्हणून मी सुनेला फोन द्यायला सांगितला. सून म्हणाली की आमचा काही आरोप नाही, फक्त एकदा अंग तपासून घेऊ, म्हणजे नानांचं समाधान होईल. मग फोन परत तिच्याकडे गेला.

"घेऊ दे झडती," मी म्हणाले. "तू घेतली नाहीस ना? मग घाबरायचं कशाला?"

ती म्हणाली, "ताई, तुम्ही या."

मी धुळ्यात आहे, कशी येणार, असं मी सांगितलं. सहकार्य कर, शांत राहा, संध्याकाळी बोलू, असंही सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. मी वर्गात परत गेले आणि माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढण्याआधी त्याला विचारायचं कसं, ते शिकवू लागले.

सुनेनं तिला न्हाणीघरात नेलं. सगळे कपडे उतरवायला लावले. केस सोडून झटकायला लावले. काही सापडलं नाही. मग जेवणाची वेळ झाली. सून नानांना भरवायला बसली, तेव्हा त्यांनी अंगठी जिभेखालून काढून ताटात थुंकली.

"पाह्यत होतो, कव्हा रडते ते," ते म्हणाले.

ती रडली नाही. तिनं ते ताट घासलं. नानांना डाव्या कुशीवर वळवायची वेळ झाली होती, वळवलं. चादरीखालून हात फिरवला आणि स्वतःची पिशवी उचलून निघून गेली. हे सगळं मला सुनेनं सांगितलं, थोडं हसत, थोडं ओशाळून. माणूस अंथरुणाला खिळला की लहान मुलासारखा होतो, असं तिचं म्हणणं होतं. नाना तेव्हा साठीचेही नव्हते.

मी त्या संध्याकाळी तिला फोन लावला, तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर नंबर बंद झाला. मी संचालकांना म्हणाले, हे घर बंद करू. ते म्हणाले, नानांच्या मुलानं आपल्याला किती घरं मिळवून दिली ते विसरू नका, आणि पेशंटला आपण शिक्षा करतो की काय? 'शिक्षा' हा शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिला.

माझ्याकडे धुळ्याची एक बाई होती. पन्नाशीची, अंगानं भरलेली, पूर्वी खाजगी दवाखान्यात आया होती. तिच्या फाइलमध्ये दोन तक्रारी होत्या. एका घरी तिनं आजीचे हात ओढणीनं पलंगाला बांधून ठेवले होते, हातानं पिशवीची नळी ओढते म्हणून. दुसऱ्या घरी एका बोलता न येणाऱ्या पोरीला दिवसभर ओल्यात ठेवलं होतं. मी तिला काढून टाकायचं ठरवलं होतं. पत्रही टाइप करून ठेवलं होतं.

ते पत्र मी फाडलं आणि तिला बोलावून घेतलं. नानांचं सगळं सांगितलं. चावणं, थुंकणं, अंगठी. तिनं शांतपणे ऐकलं.

"माले बठ्ठं येस," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे सगळं येतं मला. "असा लई पाह्यात मी."

"सांभाळ त्यांना," मी म्हणाले. "तुझ्या पद्धतीनं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं की तिला कळलं आहे. मी फॉर्मवर सही केली.

पहिल्या आठवड्यात फोन आला नाही. दुसऱ्या आठवड्यात आला नाही. महिन्यानं सून स्वतः ऑफिसात आली, पेढे घेऊन. म्हणाली, ताई, घरात इतकी शांतता आम्ही चार वर्षांत पाहिली नव्हती. नाना ओरडत नाहीत, थुंकत नाहीत, दिलं ते खातात. संचालकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मीही एक पेढा खाल्ला.

महिन्याची भेट घ्यायची म्हणून मी गेले. खोलीत फिनेलचा वास होता. नाना दाढी केलेले, नखं कापलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, व्हीलचेअरवर भिंतीकडे तोंड करून बसवलेले. हाताशी असायची ती बेल कपाटावर ठेवलेली होती. मी काही विचारलं की ते आधी तिच्याकडे बघायचे आणि मग 'हो' म्हणायचे. झोप लागते का? हो. जेवण जातं का? हो. ती बाजूला उभी राहून टॉवेलाच्या घड्या घालत होती.

"नानाले आते काही तरास नही शे," ती मला म्हणाली.

मी तिला चहा करायला पाठवलं. ती गेल्यावर नानांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ओठ इतके सुकले होते की चिकटले होते.

"पाणी द्या," ते म्हणाले. अगदी हळू.

मी पेला भरून तोंडाला लावला. ते तीन पेले प्यायले. मग म्हणाले, पेला पुसा आणि होता तसा पालथा ठेवा. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाणी कमी दिलं की लघवी कमी होते, पिशवी कमी वेळा रिकामी करावी लागते. ही युक्ती आम्ही बायकांना पहिल्याच दिवशी सांगायचो, कधी करू नका म्हणून.

मी पेला पुसला आणि पालथा ठेवला. तिनं चहा आणला, मी प्यायले. भेटीच्या कागदावर 'समाधानकारक' लिहिलं. जिना उतरताना मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. किती तरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसरी भेट मे महिन्यात. दुपारी जळगावात रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. नानांच्या खोलीत कूलर होता, पण त्याचं तोंड बाईच्या खाटेकडे फिरवलेलं. नाना पलंगावर उताणे, उशीवर घामाचा डाग. ती न्हाणीघरात कपडे धूत होती, नळाचा आवाज येत होता. मी पलंगाशेजारी खुर्ची घेतली. खोलीत एक गोड, कुबट वास होता. या धंद्यात तो वास कोणाला सांगावा लागत नाही. माकडहाडाची जखम परत उघडली होती.

मी काही विचारण्याआधीच नाना बोलले.

"तुम्हीनच धाडली ना हिले? समजून उमजून?"

"हो," मी म्हणाले.

ते छताकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायला हात तिथपर्यंत पोचत नव्हता.

"मंग आता फिटलं का तुमचं?"

मी उत्तर दिलं, ते आजही मला शब्दाशब्दानं आठवतं. "अजून नाही," मी म्हणाले.

नळ बंद झाला. मी उठले. कूलर मी तसाच ठेवला. वळवून ठेवायला एक हात पुरला असता.

सोळा दिवसांनी नानांना दवाखान्यात नेलं. ताप डोक्यात गेला होता, लघवीत पू, आणि जखम हाडापर्यंत. मी बघायला गेले तेव्हा नर्स ड्रेसिंग करत होती. तिनं मला संस्थेची म्हणून विचारलं की ही जखम इतकी होईपर्यंत तुमची बाई काय करत होती. मी म्हणाले, चौकशी करते. जखमेत माझी मूठ गेली असती. मी ती पूर्ण बघितली, मुद्दाम, आणि मग बाहेर बाकावर येऊन बसले. नाना तापात कोणाला तरी पाणी मागत होते.

त्या आठवड्यात मी धुळ्याच्या बाईला कामावरून काढलं. अहवालात 'जखमेच्या काळजीत हलगर्जी' असं लिहिलं. मी तिला काय सांगून पाठवलं होतं, ते लिहिलं नाही. ती कागदावर अंगठा न देता सही करायची, मोठ्या वळणदार अक्षरात. सही करून म्हणाली, ताई, तुम्ही सांगितलं तेच केलं ना मी. तिचा स्वर भांडणाचा नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं की ती कुठे चुकली.

नाना महिन्याभरानं घरी आले, आणि त्यांच्या मुलानं त्याच बाईला परस्पर कामावर ठेवून घेतलं. आम्हाला कळवलंही नाही. संचालक चिडले ते बाईवर नाही, घर हातचं गेलं म्हणून.

दिवाळीच्या आधी मी त्या सातवीच्या गावी गेले. चोपड्यापर्यंत एसटीनं, पुढे काळीपिवळी जीपनं, पुढे चालत. का गेले, ते तेव्हा मी स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. आता सांगते. मला तिला सांगायचं होतं की नानांचं काय झालं. मला वाटत होतं, तिला ऐकून बरं वाटेल, आणि मग मलाही.

ती घरापुढे ज्वारीची कणसं वाळत घालत होती. मला बघून तिनं खाट टाकली, पाणी दिलं. मी सांगत गेले. बाई, पाणी, कूलर, जखम. ती कणसं पसरवत होती, तिनं हात थांबवला नाही. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं, जखम कुठली, तीच का. मी म्हणाले, तीच.

"ती मी भरली होती," ती म्हणाली.

मी म्हणाले की तुझ्याशी त्यांनी जे केलं, त्याचं मला फार लागलं होतं. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"अंगठी नानानं लपवली. कपडे काढायला तुम्ही सांगितलं, ताई. फोनवर."

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती मला चादरीची चुणी दाखवावी तसं दाखवत होती. मग तिनं विचारलं, तिच्या कामाचं प्रमाणपत्र मिळेल का. न सांगता काम सोडलं म्हणून संस्थेनं ते अडवून ठेवलं होतं. चोपड्यातल्या एका दवाखान्यात जागा होती आणि ते कागद मागत होते. मी तिच्याकडे येताना फरसाण आणलं होतं, तिच्या मुलीसाठी फ्रॉक आणला होता. प्रमाणपत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. ते आणायचं मला सुचलंच नव्हतं. तिची मुलगी दारातून फ्रॉककडे बघत होती. तिनं मुलीला आत जायला सांगितलं आणि फ्रॉक-फरसाणाची पिशवी माझ्या हातात परत दिली.

प्रमाणपत्र मी पोस्टानं पाठवलं. मिळालं की नाही, कळलं नाही. चोपड्यातली ती जागा तोवर गेली असणार.

नाना पुढच्या पावसाळ्यात गेले. मी तेराव्याला गेले. न जाणं बरं दिसलं नसतं. फोटोला हार घातला होता. त्यात नाना धडधाकट, केळीच्या घडाशेजारी उभे, हसत. धुळ्याची बाई घरातल्या बायकांत बसली होती आणि खरंखुरं रडत होती. पदरानं डोळे पुसून ती शेजारणीला सांगत होती की शेवटी शेवटी नाना अगदी गाईसारखे झाले होते.

जेवणं झाल्यावर सुनेनं मला आतल्या खोलीत बोलावलं. तिची आई चाळीसगावला एकटी होती. तिला अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात दिवसभर कोणी नाही. ताई, एक बाई बघून द्याल का, असं ती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजलेले होते, पण नानांसाठी नव्हे.

मी बाहेर बसलेल्या बाईकडे मान वळवली. म्हणाले, ही आता मोकळी झाली, तुमच्या सवयीची आहे, आमच्यामार्फत घ्यायचीही गरज नाही. मी हे मुद्दाम म्हणाले. मला सुनेचा चेहरा बघायचा होता.

सुनेनं दार लोटून घेतलं.

"ती नको, ताई," ती हळूच म्हणाली. "आईला चांगली द्या."

बाहेर पंगतीतल्या पत्रावळी उचलल्याचा आवाज येत होता. तिनं नजर खाली घेतली नाही, मीही नाही. मग मी पर्समधून कोरा फॉर्म काढला, कपाटाला टेकून धरला आणि तिला आईचं वजन विचारलं.